सुध्या, आप्पांचा भरतीचा हिशोब राऊटरमध्ये सापडला

प्रिय सुध्या,

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर दिनूभाऊंचं नाव निघालं की तू "नंतर बोलू" म्हणून ठेवून देतोस, आणि या गोष्टीत दिनूभाऊ येणारच आहेत. म्हणून लिहितोय. शेवटपर्यंत वाच. माझी शुगर आहे तशीच आहे, आईचं ऐकू येणं अजून कमी झालंय, बाकी सगळे ठीक.

आमचं नेट भरती-ओहोटीप्रमाणे चालतंय. अगदी खरं सांगतोय. हे दुसऱ्या कुणाला सांगायला गेलो तर वेड्यात काढतील. पण ज्याने अख्खं लहानपण आप्पांबरोबर पगारात, त्या छोट्या होडीत, बसून काढलं, त्याला पटेल.

मुळापासून सांगतो. चिऊ मे महिन्यात आली ती परत गेलेली नाही. कंपनीने घरून काम करायची मुभा दिलीय. "बाबा, इथे नेट टिकलं तर मी इथेच राहते," म्हणाली. हे वाक्य ऐकल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. आपल्या वाडीत दिवा लागणारी घरं किती राहिलीत ते तू गणपतीत बघून गेलास. एक पंचवीस-सव्विसाची मुलगी आपणहून राहते म्हणते, आणि अडतंय कशावर, तर रेंजवर.

फायबर वरच्या रस्त्यापर्यंत आलंय, पण आपल्या घाटीने खाली उतरायला तयार नाही. उतरलं तरी झाडाझाडाला बांधलेली ती वायर पहिल्या पावसात तुटते आणि मग दिवाळीपर्यंत कुणी फिरकत नाही. राहिला मोबाईलचा सिग्नल. सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावरचा टॉवर अंतराने जवळ, पण मध्ये डोंगराचं पोट, आणि आपल्या चिऱ्याच्या भिंती दीड हात जाड. माजघरात राऊटरच्या पानावर आरएसआरपी, म्हणजे येणाऱ्या सिग्नलची ताकद, दिसते उणे ११२ डीबीएम. हे आकडे मी आता पंचांगासारखे वाचतो. दर ३ ला ताकद दुप्पट, दर १० ला दसपट. उणे ८० म्हणजे उत्तम, उणे ११०च्या खाली गेलं की व्हिडिओ कॉलचं नाव काढायचं नाही.

दापोलीतला एक दुकानदार म्हणाला, बूस्टर लावा, घरभर काड्या येतील. मी नको म्हटलं. आपल्याकडे खासगी बूस्टर लावणं बेकायदा आहे, आणि तो गोंगाट करून आजूबाजूच्या सगळ्यांचा सिग्नल बिघडवतो. बाहेरची अँटेना ही वेगळी गोष्ट. ती काही वाढवून फेकत नाही, एका दिशेला तोंड करून ऐकते आणि बोलते, एवढंच. तर लॉग पिरियॉडिक जातीची घेतली, माशाच्या काट्यासारखी दिसते, बारीक टोक टॉवरकडे करायचं. अशा दोन, एक उजवीकडे ४५ अंश कललेली, एक डावीकडे, कारण फोर-जी दोन वेगवेगळ्या वाटांनी माहिती पाठवतं. राऊटरसुद्धा डब्यात घालून खांबावरच ठेवला. खाली ठेवला असता तर दहा मीटर बारीक केबलमध्येच तीन चतुर्थांश सिग्नल जिरला असता. लॅनच्या वायरीला ती अडचण नाही, शंभर मीटरपर्यंत बिनघोर जाते आणि राऊटरला वीजही तीच नेते. सांध्यांवर रबरी टेप घट्ट गुंडाळली, नाहीतर खारा वारा महिन्याभरात तांबं हिरवं करतो. अर्थिंग वेगळं पुरलं.

बंड्याचं म्हणणं होतं, खांब कशाला, माडाच्या शेंड्याला बांधतो. चढलासुद्धा होता अर्ध्यापर्यंत, कोयती कमरेला लावून! त्याला समजावलं, अरे, माड डुलतो, अँटेनेचं तोंड क्षणात टॉवरकडे, क्षणात दाभोळकडे. तर म्हणतो, "मग नेट पण डुलत डुलत येईल."

शेवटी दीड इंची जीआय पाइप अंगणाच्या पुढच्या टोकाला, खाडीच्या समोर उभा केला. डोंगराआडच्या टॉवरचा नाद सोडला आणि अँटेना सरळ खाडीपलीकडच्या, गुहागरच्या सड्यावरच्या टॉवरवर धरली. लांब आहे, पण मध्ये नुसतं पाणी. चिऊ खिडकीत लॅपटॉप घेऊन, मी खांबाशी, "आता?" "गेलं!" "आता?" "आलं आलं, थांबा!" तुला काय आठवलं असेल ते मला माहीत आहे. ९ मार्च १९९६, बंगलोरची मॅच, जडेजा वकारला झोडपत होता आणि तुमच्या टीव्हीवर मुंग्या. तू अजून म्हणतोस अँटेना मी हलवली. सुध्या, मी कौलांवर होतो, पण पाइपला हात निल्याचा होता. तीस वर्षं होत आली, आता तरी मान्य कर.

आकडा आला उणे ९१. माजघरापेक्षा शंभर पटींहून जास्त. चिऊने त्या दिवशी आईला पुण्याच्या आत्याशी व्हिडिओवर बोलवलं, आई पडद्याला हात लावून बघत होती. मला वाटलं, जिंकलो.

मग कॉल अडकायला लागले. रोज नाही, आणि रोज त्याच वेळी तर मुळीच नाही. आज अकराला, उद्या पावणेबाराला, परवा साडेबाराला. मधल्या काही दिवसांत काहीच नाही, मग पुन्हा सुरू. पावसाचं म्हणशील तर या लहरींना पावसाचा फारसा त्रास नसतो, ओली पानं त्रास देतात, आणि समोर झाड नाही. टॉवरवर गर्दी म्हणावी तर ती रात्री नऊला व्हायची. चिऊने राऊटरमधले आकडे तासातासाला उतरवून कागदावर रेघ काढली. चढती-उतरती लाट. आकडा उणे ९१ वरून उणे १०४ वर घसरतो आणि परत येतो, आणि रोज पाऊण तासाने पुढे सरकतो.

पाऊण तास! मी कालनिर्णय काढलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, चतुर्थीला तीन. आप्पा पायरीवर बसून बोटांच्या पेरांवर मोजायचे ना, तेच. आणि ऐक, रेघ त्यांच्या वेळेशी तंतोतंत जुळत नाही, साधारण अर्धा तास मागे आहे. पौर्णिमेला पावणेबारा, चतुर्थीला साडेतीन. तू दहावीत असताना आप्पांशी यावरूनच भांडला होतास, की हिशोब खाडीच्या तोंडाशी खरा, आत आपल्याकडे पाणी उशिरा चढतं, आणि आप्पा दोन दिवस बोलले नव्हते. तुम्ही दोघेही बरोबर होतात रे. कागद जपून ठेवलाय, तुला दाखवायचाय. त्यांना दाखवता आला असता तर काय बहार आली असती.

कारण आपल्या जोशी सरांच्या फिजिक्सचंच आहे. लहर दोन वाटांनी येते, एक थेट, एक पाण्यावर आपटून. दुसरी वाट किंचित लांब. दोघी जुळल्या तर जोर, उलट्या पडल्या तर एकमेकींना मारतात. १८०० मेगाहर्ट्झची लहर जेमतेम १७ सेंटिमीटरची. उधाणाचं पाणी दोन-तीन मीटर चढलं, की तेवढ्या चढण्यानेच दोन वाटांमधला फरक बदलतो आणि सगळं फिरतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी फार चढत-उतरत नाही, म्हणून तेव्हा नेट शहाण्यासारखं चालतं. रात्री खांबाशी उभा राहून बघितलं, टॉवरचा लाल दिवा दिसतो आणि त्याचं पाण्यातलं प्रतिबिंबही दिसतं. जिथून डोळ्याला दोन्ही दिसतात, तिथून अँटेनेलाही दोन्ही दिसणार. म्हणजे खांब अशा जागी हवा, जिथून दिवा दिसेल पण पाणी दिसणार नाही.

आता मुद्द्याचं. ती जागा तुमच्या परड्यात आहे. तुमच्या गोठ्याचा चिऱ्याचा खांब अजून उभा आहे बघ, त्याच्या मागे. तिथून पुढचा गडगा, ती दगडी भिंत, पाणी बरोबर झाकतो आणि वरून पलीकडचा सडा मोकळा दिसतो. पूर्वी दिसत नसे, निसर्ग वादळात तुमचे दोन आंबे पडले तेव्हापासून दिसतो. तिथे बांबूला अँटेना धरून ऐन उधाणात आकडा बघितला, ९३, हललासुद्धा नाही. आमच्या घरापर्यंत वायर साठ-सत्तर मीटर, आरामात पुरते.

दिनूभाऊंना विचारलं. सातबारा सामाईक, उद्या तुझा खांब, परवा तुझं कुंपण, असं बोलले. मला वाईट वाटलं, पण त्यांची भीतीही मला कळते, वाडीत एवढ्यातेवढ्यावरून काय काय झालंय ते आपण पाहिलंय. म्हणून मी खणणार नाही, सिमेंट घालणार नाही. गोठ्याच्या खांबाला दोन क्लॅम्प, काढा म्हणाल त्या दिवशी काढीन. हवं तर लिहून देतो. आणि दिनूभाऊंच्या घरातही एक वायर टाकून देतो, त्यांचा नातू येतो तेव्हा मोबाईल घेऊन सड्यावर जाऊन बसतो, पाऊस असो की ऊन.

चिऊच्या साहेबांनी दिवाळीपर्यंत बघू म्हटलंय. ती मला काही बोलत नाही, पण परवा पुण्यातल्या खोल्यांची भाडी बघत होती ते मी पाहिलं. त्या रात्री मला झोप नाही. ती गेली तर आमच्याकडे पुढची वीस वर्षं फक्त गणपतीत माणसं.

वहिनींच्या गुडघ्याचं नीट झालं हे निलूकडून कळलं, आता डोंबिवलीचे ते जिने चढवू नकोस त्यांना. रोहनचं काय ठरलं? तुझ्या पेन्शनचे कागद हलले का? सविस्तर कळव, मी विचारायचं म्हणतो आणि आपलंच सांगत बसतो.

दिनूभाऊंना तूच फोन कर. त्यांच्याशी तुझं काय आहे ते मी जाणतो, आणि तरीही सांगतोय. रविवारी सकाळी ते घरी असतात, नऊच्या आत कर, नंतर देवळात जातात. तुझा होकार आला की बंड्या आणि मी सोमवारी क्लॅम्प लावतो. पुढची अमावास्या त्याच आठवड्यात आहे, म्हणजे उधाणात लगेच तपासता येईल.

तुझा,
विन्या