जुन्या एसटीच्या पाट्या जपा

संपादक महोदय, स.न.

१ जूनला एसटीचा वर्धापनदिन असतो, पण १९४८ साली याच दिवशी पहिली एसटी पुणे-नगर रस्त्यावर धावली हे आमच्या कॉलेजच्या पोरांना माहितीच नव्हतं, मला खरंच वाईट वाटलं. बेडफर्ड कंपनीची गाडी होती ती. त्याआधी खाजगी मोटारवाले, त्यांचं ना टायमिंग फिक्स ना भाडं, गाडी भरली की निघायची. १९६० ला महाराष्ट्र झाला नि महामंडळाचं नावही बदललं, पुढे ८२ च्या दिल्लीतल्या एशियाड खेळांसाठीच्या गाड्या दादर-पुणे लागल्या आणि लोक निमआरामला आजही एशियाडच म्हणतात!

आजोबांच्या गावची मुक्कामी गाडी आठवते, कंडक्टर अॅल्युमिनियमच्या पेटीतनं रंगीत तिकिटं काढून टकटक पंच मारायचा, पुढच्या काचेमागे हाताने रंगवलेली पाटी. परवा एका स्टँडमागे तसल्याच पाट्या भंगारात पावसात भिजत पडलेल्या बघितल्या, गावांची नावं अजून वाचता येत होती. प्लीज, प्रत्येक जिल्ह्याच्या स्टँडवर एक भिंत तरी या पाट्यांना, तिकिटांना, जुन्या वेळापत्रकांना द्या, रिटायर्ड ड्रायव्हर-कंडक्टर आहेत तोवर त्यांच्याकडून जुने रूट लिहून घ्या.

– एक नेहमीचा प्रवासी, पुणे