मंत्रिमहोदय, पोलंडचे ते शिक्षक जिन्याखाली पडले आहेत

प्रति,
मा. मंत्रिमहोदय,
महाराष्ट्र शासन

स. न. वि. वि.

आपण कामात असता याची कल्पना आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती; तिथे शिकवणाऱ्या शिक्षकांची आणि त्यांच्या देशातल्या थोर शिक्षणकर्त्यांची ओळख करून देणारं एक छोटं दालन कोल्हापूर परिसरात उभं राहील, असं आपण भर सभेत जाहीर केलं होतं. समोर पोलंडहून आलेले पाहुणे बसले होते. फेटे बांधून झाले, शाल-श्रीफळ झालं, फोटोही झाले. दालनाचा मजकूर तयार करायचं काम एका कार्यालयाने माझ्याकडे दिलं, कारण मी आयुष्यभर इतिहास शिकवला आणि हा विषय कित्येक वर्षं जीव लावून जमवला. मी मजकूर लिहिला, चित्रं मिळवली, फलक स्वतःच्या निवृत्तिवेतनातून करून दिले.

गेल्या आठवड्यात पत्र आलं. ‘निधीअभावी सदर प्रस्ताव दप्तरी दाखल करण्यात येत आहे.’ खालची सही कुणाची, तेही वाचता येत नाही.

ठीक आहे, निदान फलक तरी परत आणावेत म्हणून मी गेले. ते जिन्याखाली होते. तांदळाची पोती, मोडकी बाकं, मतदानाच्या वेळचे पुठ्ठ्याचे आडोसे आणि त्यामागे ओल येऊन फुगलेले माझे फलक. त्यातला यानुश कोर्चाक यांचा फलक उलटा करून त्यावर ब्रशने ‘वाहनतळ’ लिहिलं होतं, खाली बाण काढला होता. टांगायला दोन भोकं पाडून सुतळी ओवली होती. एक भोक बरोबर त्यांच्या चष्म्यातून गेलं होतं. कुठल्याशा कार्यक्रमाला पाटी हवी होती म्हणे.

‘हे कोण गृहस्थ?’ असं तिथल्या साहेबांनी मला विचारलं. त्यांना सांगितलं, आता तुम्हालाही सांगते.

हे गृहस्थ बालरोगतज्ज्ञ होते. खरं नाव हेन्रिक गोल्डश्मिट. १९१२ मध्ये वॉर्सात क्रोखमाल्ना रस्त्यावर ज्यू अनाथ मुलांसाठी त्यांनी घर सुरू केलं आणि डॉक्टरकी बाजूला ठेवून तिथेच राहिले. तिथे मुलांचं न्यायालय होतं. मुलं न्यायाधीश, आणि चूक झाली तर खुद्द कोर्चाकही त्या न्यायालयापुढे उभे राहत. मूल हे ‘उद्याचा नागरिक’ नसून आज, आत्ता पूर्ण माणूस आहे, हे त्यांचं सांगणं. १९२६ पासून मुलांनी लिहिलेलं वृत्तपत्र त्यांनी एका दैनिकाची पुरवणी म्हणून चालवलं. पुढे नाझींनी वॉर्साच्या ज्यूंना घेट्टोत, म्हणजे भिंतींनी बंद केलेल्या वस्तीत कोंडलं. जुलै १९४२ मध्ये, भोवती माणसं उपासमारीने मरत असताना, या मुलांनी रवींद्रनाथांचं ‘डाकघर’ केलं. पोलिश भाषेत. मृत्यू म्हणजे काय हे मुलांना समजून घेता यावं म्हणून ते नाटक निवडलं होतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सैनिक आले. सुमारे दोनशे मुलं रांगेत निघाली, सोबत कोर्चाक आणि त्यांच्या सहकारी स्टेफानिया विल्चिन्स्का. कोर्चाकांना घेट्टोतून बाहेर काढायला त्यांचे मित्र तयार होते. ते गेले नाहीत. मुलांबरोबर ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे जाणाऱ्या गाडीत चढले.

त्या माणसाच्या डोळ्यातून तुमच्या लोकांनी सुतळी ओवली, मंत्रिमहोदय.

पत्रात दुसरंही एक वाक्य आहे, की ‘सदर विषयाचा स्थानिक शिक्षणाशी थेट संबंध दिसून येत नाही’. गांधीनगरच्या कापडपेठेत कधी आला असाल ना? फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांना ती जागा मिळाली, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याआधी तिथे कोण होतं? १९४३ ते १९४८ पोलंडचं एक अख्खं गाव तिथे होतं, तीच वळिवड्याची छावणी. सुमारे पाच हजार माणसं, त्यात बहुतेक बाया आणि मुलं. सोव्हिएत पोलिसांनी त्यांना घरातून उचलून सायबेरियात, कझाकस्तानात टाकलं होतं. तिथून सुटल्यावर इराण, कराची असं करत ती कोल्हापूरला पोचली. जामनगरजवळ बालाचडीला नवानगर संस्थानच्या जामसाहेबांनी ज्या पोलिश मुलांना आसरा दिला, त्यांच्यातलीही बरीच १९४६ मध्ये ती छावणी बंद झाल्यावर वळिवड्यालाच आली.

आणि या बायांनी आल्या आल्या काय केलं, तर शाळा काढल्या. बालवाडीपासून लिसेपर्यंत, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीपर्यंत. लांबलचक बराकी, पुस्तकं तुटपुंजी, शिक्षकही थोडे, आणि मुलं कशी? सायबेरियाच्या वाटेवर आई नाहीतर बाप गमावलेली, दोन-दोन वर्षं अक्षर न पाहिलेली. माझे सासरे तेव्हा पोरगेले होते, छावणीत दूध घालायला जायचे. सकाळी बराकीबराकीतून पाढ्यांसारखा एका सुरात आवाज यायचा, असं ते सांगत. एक मास्तरीण बाई अंगणात काठीने मातीत नकाशा काढून मुलांना नद्या दाखवायची. तिचं नाव त्यांना कधीच कळलं नाही. ते नाव शोधावं, तिच्यासारख्यांची नावं भिंतीवर लागावीत, एवढंच मला हवं होतं.

स्थानिक शिक्षणाशी याचा संबंध नाही? कोल्हापूरच्या मातीवर काठीने पोलंडच्या नद्या काढणारी बाई स्थानिक नाही, तर कोण स्थानिक?

आता निधीचं बोलू. तुम्ही मंत्री आहात म्हणून मुद्दाम सांगते. शिक्षणासाठी सरकारचं वेगळं खातं असावं, ही कल्पना युरोपात सगळ्यात आधी प्रत्यक्षात आणली ती पोलंडने. १४ ऑक्टोबर १७७३. राष्ट्रीय शिक्षण आयोग. त्याच्या आदल्याच वर्षी रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंडचे लचके तोडले होते. देश बुडतोय हे दिसत होतं. अशा वेळी जेझुइट हा कॅथलिक धर्मगुरूंचा संघ बरखास्त झाला, तर त्याची मालमत्ता या लोकांनी शाळांना लावली. सैन्याला नाही, शाळांना! ह्यूगो कोवाँताय यांनी क्राकोवचं जुनं विद्यापीठ नव्याने उभं केलं. हे विद्यापीठ १३६४ सालचं, कोपर्निकस तिथलाच विद्यार्थी. ग्शेगोश पिरामोविच यांनी पाठ्यपुस्तकांच्या मंडळाचं काम पाहिलं आणि शिक्षकाची कर्तव्यं काय यावर १७८७ मध्ये पुस्तक लिहिलं. त्याही आधी, १७४० मध्ये, स्तानिस्वाव्ह कोनार्स्की यांनी वॉर्सात नव्या वळणाची शाळा काढून वाट पाडून ठेवली होती. १७९५ मध्ये देश नकाशावरून पुसला गेला, तो थेट १९१८ पर्यंत. एकशे तेवीस वर्षं! राजा नाही, सैन्य नाही, सरकार नाही. तरी पोलिश भाषा टिकली, कारण शिकवणारे टिकले.

आजही १४ ऑक्टोबर हाच तिथे शिक्षकांचा दिवस असतो. बुडत्या देशाला जे परवडलं, ते तुम्हाला परवडत नाही?

त्या एकशे तेवीस वर्षांत कित्येकदा पोलिशमधून शिकवणं हाच गुन्हा होता. मारी क्यूरीचं नाव आपली पोरं पाठ करतात, दोन नोबेल, १९०३ आणि १९११. ती मारिया स्क्वोदोव्स्का, शिक्षकाच्या घरची. वडील भौतिकशास्त्र शिकवायचे, रशियन अधिकाऱ्यांनी त्यांना वरच्या पदावरून काढलं, मग घरात विद्यार्थी ठेवून संसार चालवावा लागला. आई मुलींची शाळा चालवायची. मुलींना विद्यापीठाचं दार बंद होतं, म्हणून मारिया आणि तिची बहीण ब्रोन्या वॉर्सातल्या गुप्त वर्गांना जात. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून ते वर्ग आज या घरात, उद्या त्या घरात भरत. म्हणून त्याचं नाव ‘फिरतं विद्यापीठ’. ते उभं करणाऱ्या याद्विगा श्चाविन्स्का-दाविदोवा यांचं नाव इथे एकाही पाठ्यपुस्तकात माझ्या पाहण्यात नाही. पुढे मारिया खेड्यात शिकवणीला राहिली, तर तिथल्या शेतमजुरांच्या पोरांना चोरून पोलिश वाचायला शिकवू लागली. पकडली गेली असती तर सायबेरिया. १८९८ मध्ये नवं मूलद्रव्य सापडल्यावर तिने त्याला पोलोनियम नाव दिलं, नकाशावर नसलेल्या देशाचं.

पश्चिमेकडच्या भागात प्रशियाचं राज्य. १९०१ मध्ये व्झेश्न्या गावात धर्माच्या तासाला जर्मनमधून उत्तरं द्यायला मुलांनी नकार दिला. मुलांना छड्यांनी मारलं. जाब विचारणाऱ्या आईबापांना तुरुंगात टाकलं.

आणि १९३९. ६ नोव्हेंबरला नाझींनी क्राकोवच्या प्राध्यापकांना ‘व्याख्यान आहे’ म्हणून विद्यापीठात बोलावलं आणि १८३ जणांना धरून नेलं. साक्सनहाउसेनच्या छळछावणीत म्हातारी माणसं थंडीत उभी केली. साहित्याचे इतिहासकार इग्नात्सी ख्शानोव्स्की तिथेच गेले. ल्वुव शहरात (ते आज युक्रेनमध्ये आहे) जुलै १९४१ मध्ये प्राध्यापकांना घरच्यांसह गोळ्या घातल्या. त्याच ल्वुवमध्ये स्टेफान बानाख होते, ज्यांचं नाव गणिताचा प्रत्येक विद्यार्थी आजही घेतो. जर्मन ताब्याच्या काळात पोट भरायला त्यांना टायफसची लस बनवणाऱ्या संस्थेत स्वतःच्या रक्तावर उवा पोसाव्या लागल्या. नाझींच्या एसएस दलाचा प्रमुख हिमलर याने मे १९४० मध्ये लिहूनच ठेवलं होतं, की पूर्वेकडच्या या लोकांना पाचशेपर्यंत आकडे आणि स्वतःचं नाव लिहिता आलं की पुरे, वाचता येण्याची गरज नाही. माध्यमिक शाळा बंद, विद्यापीठं बंद. यावर पोलंडच्या शिक्षकांनी काय केलं? गुप्त संघटना बांधली आणि स्वयंपाकघरात वर्ग घेतले. चार-चार, पाच-पाच मुलं. चोरून परीक्षा, चोरून पदव्या. सापडले त्यांतले किती तरी मेले.

वळिवड्याला शाळा काढणाऱ्या बाया या मुशीतल्या होत्या. कातीनच्या जंगलात १९४० मध्ये सोव्हिएत पोलिसांनी जे पोलिश अधिकारी मारले, त्यात राखीव दलातले किती तरी शिक्षक होते, डॉक्टर होते. आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये अशाच कैद्यांच्या बायकापोरांना कझाकस्तानात धाडलं.

हे सगळं त्या फलकांवर मी सोप्या मराठीत लिहिलं होतं, सातवी-आठवीच्या मुलाला उभ्याने वाचता येईल असं. रात्र रात्र बसून लिहिलं. यजमान आजारी होते तेव्हाही त्यांच्या उशाशी बसून लिहिलं. ते मला म्हणायचे, ‘सरकारी काम आहे, जिवाला लावून घेऊ नकोस.’ ते गेले. मी मात्र गुडघे धरत तुमच्या लोकांचे जिने चढत राहिले. साहेब मीटिंगमध्ये, साहेब दौऱ्यावर, साहेबांची बदली झाली, नवे साहेब अजून रुजू व्हायचेत. बसायला खुर्ची कुणी दिली नाही. एका पोराने तर तोंडावर सांगितलं, ‘मावशी, यात तुम्हाला काय मिळणार?’ त्याच्या वयाच्या शेकडो पोरांना मी शिकवलंय. त्याच्यावर काय रागवायचं? शिक्षकाची किंमत काय, हे तो वरूनच शिकला.

कारण वरती हेच चाललंय. शिक्षकाने मतदार याद्या कराव्यात, जनगणना करावी, खिचडीचे तांदूळ मोजावेत, रोज नवी माहिती ऑनलाइन भरावी. शिकवायला वेळ उरला तर शिकवावं. हजारो जागा रिकाम्या. तरुण मुलंमुली डी.एड., बी.एड. करून तासिका तत्त्वावर राबतात आणि मानधन महिनोन्‌महिने येत नाही. कमी पटाच्या शाळा बंद करायच्या गोष्टी निघतात. पट कमी म्हणे! वॉर्सातल्या स्वयंपाकघरात पट किती होता? चार! त्या चार पोरांसाठी शिक्षक जीव द्यायला तयार होते. आणि ५ सप्टेंबर आला की तुम्ही सगळे आम्हाला ‘राष्ट्राचे शिल्पकार’ म्हणता, गुलाबाचं एक फूल देता. ते फूल आता नको.

तिकडे वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे फुलं वाहिली, ती बातमी इथे घरोघरी पाहिली गेली. जामसाहेबांच्या नावाने तिथे शाळा चालते, रोज मुलं त्या दारातून आत जातात. आपण त्यांना निवारा दिला तर ते पिढ्यान्‌पिढ्या विसरत नाहीत. आपल्याकडे महावीर उद्यानात एक स्मारक आहे खरं, पण छावणीच्या आत काय घडलं, कुणी कुणाला काय शिकवलं, हे सांगणारी एक खोली द्यायला आपल्याला जड जातं. वॉर्सातून आलेला, कोर्चाकांसारखाच दुसरा एक पोलिश ज्यू, मॉरिस फ्रिडमन, औंधच्या राजाबरोबर बसून त्या संस्थानाचं १९३९ चं ग्रामस्वराज्याचं संविधान घडवण्यात राबला. सातारा-सांगलीतल्या किती शाळांत हे सांगतात? मला तर एकही शिक्षक असा भेटला नाही.

माझ्या मागण्या लिहून देते, म्हणजे पुन्हा ‘संबंध दिसून येत नाही’ म्हणायला नको. दालन द्या. नवी इमारत नको. बंद पडलेल्या शाळेची एखादी खोली द्या, अशा खोल्यांची तुमच्याकडे वाण नाही. फलकांचा खर्च मी पुन्हा सोसते. आणि त्याहून घाईचं काम म्हणजे वळिवड्याच्या बराकीत शिकलेली मुलं आता नव्वदीच्या आसपास आहेत. तेव्हा भारतात राहून गेलेल्या पोलिश लोकांची इंग्लंडमध्ये संघटना आहे, त्यांनी आठवणी, छायाचित्रं, कागद जपलेत. तुमच्या खात्याकडून एक अधिकृत पत्र गेलं तर छावणीतल्या शिक्षकांची यादी मिळेल. मी एकटी बाई लिहिते तेव्हा ते उत्तर देतात, प्रेमाने देतात. पण अभिलेख सरकारच्या नावानेच मागावे लागतात. ते पत्र दिवाळीनंतर नाही, पुढच्या आर्थिक वर्षात नाही, या महिन्यात जायला हवं. मसुदा मी सोबत जोडला आहे, मराठीत आणि इंग्रजीत. तुम्हाला फक्त सही करायची आहे.

कळावे,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका
ता. करवीर, जि. कोल्हापूर