बर्फाच्या दिवसांतलं ऑर्किड

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फुलं गळली की ते ऑर्किड टाकून देईन, असं तू म्हणालीस. टाकू नकोस गं. ते फॅलेनॉप्सिस प्रकारचं ऑर्किड आहे, आणि नीट सांभाळलंस तर बाहेरचा बर्फ वितळायला लागेपर्यंतही फुललेलं राहील. गुलाबाचा गुच्छ आठवड्यात माना टाकतो. याची फुलं दोन-तीन महिने टिकतात.

ती एवढी का टिकतात, ते मला फार आवडतं. रानात या फुलाकडे कीटक कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून ते ताजं राहून वाट बघतं. एकदा परागीभवन झालं, की काही दिवसांतच कोमेजतं. तुझ्या बंद खिडकीआड कोणताच कीटक येणार नाही, म्हणून एवढे दिवस ते तुझ्या वाट्याला आलंय. चार वाजताच अंधारतं आणि जिकडे बघावं तिकडे पांढरं नाहीतर करडं दिसतं, असं तू म्हणतेस ना? मग ते कोपऱ्यातल्या फडताळावर ठेवू नकोस. तू काम करतेस त्या टेबलाजवळ, खिडकीच्या उजेडात ठेव. शेंड्याला कळ्या असतील तर एकीवर रोज नजर ठेव. उमलण्याआधी ती देठावर हळूहळू अर्धा फेरा वळते आणि ओठासारखी दिसणारी वेगळी पाकळी खाली येते. हे घाईत बघायचं काम नाही, आणि लांबलेल्या हिवाळ्यात घाई तरी कसली!

हे झाड मूळचं आग्नेय आशियातल्या दमट रानांतलं. तिथे ते मोठ्या झाडांच्या खोडाफांद्यांना धरून राहतं, पण त्यांचा रस शोषत नाही. मुळं हवेत मोकळी सोडून पावसाचं पाणी पितं. म्हणून तुझ्या कुंडीत माती नाही, सालीचे तुकडे आहेत. पाणी कधी घालायचं ते मुळांनाच विचार. रुपेरी करडी झाली की तहान लागलीय, हिरवी असली की थांबायचं. पाणी कोमट घे, आणि पानांच्या मध्यावर साचू देऊ नकोस, तिथूनच कुजायला सुरुवात होते. पानं थंडगार काचेला टेकू देऊ नकोस आणि हीटरच्या झोतातही ठेवू नकोस. पिकलेली फळं मात्र दूर ठेव, त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने कळ्या गळतात. आणखी एक गंमत: बहुतेक झाडं दिवसा कार्बन डायऑक्साइड घेतात, हे झाड तो मुख्यतः रात्री घेतं. तू झोपतेस तेव्हा त्याचं काम सुरू होतं.

ते तुझ्या खिडकीत पोचलं कसं, हेही ऐक. ऑर्किडचं बी धुळीएवढं बारीक, त्यात अन्नाचा साठाच नसतो. रानात ते एका बुरशीच्या मदतीने रुजतं. फ्रान्समधल्या नोएल बर्नार्ड यांना हे १८९९ साली उमगलं. त्याआधी बागवान बी पेरून बसायचे आणि बहुतेक वेळा काहीच उगवायचं नाही. १९२२ साली अमेरिकेतल्या लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या आगारवर, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीसारख्या पदार्थावर, बुरशीशिवाय, बी रुजवून दाखवलं. काचेची उबदार घरं बांधू शकणाऱ्या श्रीमंतांचं हे फूल पुढे कुणाच्याही घरात येऊ शकलं, त्यात या कामाचा मोठा वाटा आहे. मला याचं मनापासून कौतुक वाटतं.

आता टाकून न देण्याचं कारण. फुलं गळल्यावर दांडा हिरवा असेल तर खालून दोन-तीन पेरं ठेवून काप, पिवळा पडला असेल तर बुडातून. कधी त्या पेरातूनच नवी फांदी फुटते. नाही फुटली तरी पानं टवटवीत असेपर्यंत झाड जिवंत आहे, त्याला पुढच्या पानगळीच्या ऋतूपर्यंत सांभाळ. दिवसाचं तापमान काही आठवडे साधारण २५ अंशांच्या खाली राहिलं, की त्याला नवा दांडा फुटतो. ज्या थंडीला तू कंटाळलीयस, तिचीच सौम्य चाहूल त्याला फुलायला लावते. त्यानंतर फुलं यायला दोन-तीन महिने लागतात, म्हणजे पुन्हा ऐन हिवाळ्यातच.

दांडा आणि नवं मूळ सुरुवातीला सारखेच वाटतात. मुळाचं टोक गोल असतं; दांड्याचं चपटं, हातमोज्याच्या अंगठ्यासारखं, आणि ते उजेडाकडे वर जातं. ओळखता आलं नाही तर जवळून फोटो काढून पाठव, मी सांगते. आणि दांडा वाढत असताना कुंडी अजिबात फिरवू नकोस, नाहीतर फुलं वाटेल त्या दिशेला तोंडं करतील.

तुझी,
आई