कायद्यात सहा महिने, प्रत्यक्षात २७ वर्षं

मा. केंद्रीय विधी व न्यायमंत्री,
नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

मतदानाच्या आदल्या रात्रीला आमच्याकडं ‘कत्तलीची रात्र’ म्हणतात. कुठल्या पेठेत किती पाकिटं फिरली, कुणाला ‘लक्ष्मीदर्शन’ झालं, याची चर्चा सकाळी चहाच्या गाड्यावर उघड चालते. तांबड्या-पांढऱ्याच्या जेवणावळी तर आधीपासूनच सुरू. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चमर्यादा ४० लाखांची. ती ऐकून गाड्यावरची पोरं हसतात. निकालादिवशी हरलेला म्हणतो, ‘कोर्टात बघतो.’ पुढं काही होत नाही हे त्यालाही ठाऊक असतं आणि जिंकलेल्यालाही.

१९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा तसा कडक आहे. हरलेल्या उमेदवारालाच नव्हे, साध्या मतदारालाही २००० रुपये अनामत भरून उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करता येते. पण ४५ दिवसांत. शेहेचाळिसाव्या दिवशी गेलात तर तक्रार कितीही खरी असो, दार बंद. पैसे कुणी दिले, कुणाला, कुठं, कोणत्या तारखेला, हे सगळं याचिकेत नमूद करायचं, वर प्रतिज्ञापत्र. पाकीट घेतलेला माणूस साक्षीला उभा कसा राहणार? कलम ९५ अशा साक्षीदाराला संरक्षण देतं, पण ते गल्लीत कोण सांगायला जातंय!

मतदाराला एवढी शिस्त. आणि सुनावणीबद्दल कलम ८६ म्हणतं, सहा महिन्यांत संपवण्याचा ‘प्रयत्न’ व्हावा. अपिलाला तीन महिने, तिथंही प्रयत्नच. विलेपार्ल्याची डिसेंबर १९८७ ची पोटनिवडणूक उच्च न्यायालयानं रद्द केली, त्यावर सर्वोच्च न्यायालयाची मोहोर उमटली १९९५ च्या डिसेंबरात. ती विधानसभा मुदत संपून कधीच इतिहासजमा झाली होती. सांताक्रूझची १९९० ची निवडणूक घ्या. धर्माच्या नावावर मतं मागण्याचा त्यातला कायदेशीर प्रश्न सात न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सोडवला २ जानेवारी २०१७ रोजी, तोही ४ विरुद्ध ३ असा. इंदिरा गांधींच्या १९७१ च्या निवडणुकीचा अलाहाबादचा निकालसुद्धा चार वर्षांनी, १२ जून १९७५ ला आला. त्या गाजलेल्या खटल्याची ही गत, तर आमच्या तालुक्यातल्या आमदारावरच्या याचिकेचं काय घेऊन बसलात?

नुसत्या छळासाठी केलेल्या याचिकाही असतात, मान्य. त्या पहिल्याच टप्प्यात फेटाळू द्या की.

माझी मागणी सरळ आहे. ८६ व्या कलमातला ‘प्रयत्न’ काढा आणि मुदत बंधनकारक करा. वर्षाची केली तरी चालेल. ती उलटली तर रोज सुनावणी, आणि विलंबाची कारणं लेखी. अपिलालाही तोच नियम. दशकांच्या आंदोलनानंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय. त्याच्या कक्षेतल्या सहा जिल्ह्यांतल्या निवडणूक याचिकांच्या साक्षी इथंच व्हाव्यात. ते मुख्य न्यायमूर्तींच्या हातात आहे, हे कळतं. कलम ८६ ची दुरुस्ती मात्र तुमच्या खात्याकडूनच यावी लागेल. तिचं विधेयक कोणत्या अधिवेशनात आणणार, तेवढं कळवा.

आपला,
एक मतदार, कोल्हापूर