हुशारी मेंदूच्या कुठल्या बाजूला असते?

प्रिय मनू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘मी राइट ब्रेनवाली आहे, म्हणून गणित माझ्या डोक्यात शिरणारच नाही’ हे तू कुठल्याशा ऑनलाइन चाचणीतून उचललंयस, ते कळलं. डावा मेंदू गणिताचा, उजवा चित्रकलेचा, अशी त्या चाचणीची समजूत. पण तू ते मनापासून मानायला लागलीयेस असं वाटलं, म्हणून फोन न करता लिहायला बसले. पक्षाघात झालेल्या माणसांना पुन्हा उभं करायचं हे माझं रोजचं काम. मेंदूचा कुठला भाग काय करतो हे मी पुस्तकात शिकले, पण पटलं ते त्या माणसांचे हातपाय बघून.

त्या चाचणीत खरा असा एक कण आहे, तो आधी सांगते. 1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांकडे एक रुग्ण आला. त्याला दुसऱ्याचं बोलणं समजायचं, पण तोंडातून ‘टॅन’ एवढंच निघायचं. तो गेल्यावर ब्रोकांनी त्याचा मेंदू तपासला, तर डाव्या बाजूला पुढचा भाग खराब झालेला सापडला. 1874 मध्ये कार्ल वेर्निके यांनी याच्या उलट प्रकार दाखवला: रुग्ण भराभर बोलतो, पण बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचंही नीट कळत नाही. तिथे बिघाड डाव्याच बाजूला, पण मागच्या भागात होता. बहुतेक माणसांची भाषा डावीकडेच असते. म्हणजे कामाची वाटणी आहे. पण म्हणून काही माणसं डाव्या मेंदूची आणि काही उजव्या मेंदूची, हे कुठून आलं? रॉजर स्पेरी या शास्त्रज्ञांनी ज्यांच्यावर प्रयोग केले, त्यांच्या मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा कॉर्पस कॅलोझम फिट्स थांबवण्यासाठी शस्त्रक्रियेने कापलेला होता. असे सुटे झालेले अर्धगोल वेगवेगळी कामं करताना दिसले. त्या कामाला 1981 साली नोबेल मिळालं आणि लोकांनी त्यातून सोयीचं तेवढं घेतलं. तुझा कॉर्पस कॅलोझम जागेवर आहे, बाळा. त्यातून सुमारे वीस कोटी तंतू इकडून तिकडे गेलेले आहेत. 2013 मध्ये हजाराहून अधिक जणांचे स्कॅन तपासले, तेव्हा कुणाचाही एकूण मेंदू एका बाजूला झुकलेला आढळला नाही.

माझ्याकडे उजव्या पॅरायटल लोबला इजा झालेले रुग्ण येतात. हा लोब डोक्याच्या वरच्या, मागच्या बाजूला असतो. डोळे शाबूत, पण जगाची डावी बाजू त्यांच्यापुरती नसतेच. दाढी अर्ध्याच चेहऱ्याची होते. घड्याळ काढायला सांगितलं की बाराही आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने लिहितात आणि कागद समाधानाने परत देतात. आपलं काही राहिलंय असं त्यांना वाटतच नाही. मी मुद्दाम डावीकडून हाक मारते आणि त्यांची मान त्या बाजूला वळेपर्यंत थांबते. कधी कधी खूप वेळ लागतो. ‘दिसणं’ म्हणजे नुसतं डोळ्यांचं काम नाही, हे मला तिथे कळलं.

डोक्याच्या अगदी मागे, ऑक्सिपिटल लोबमध्ये, डोळ्यांकडून आलेल्या संदेशांची पहिली छाननी होते. पुढे रंग, चेहरा, हालचाल यांवर वेगवेगळे भाग काम करतात. 1983 मध्ये एका बाईंची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांना वस्तू दिसत, रंग दिसत, पण हालचाल दिसत नसे. कपात ओतलेलं पेय त्यांना गोठल्यासारखं दिसे, त्यामुळे कप कधी भरतोय ते कळत नसे. रस्ता ओलांडणं तर अशक्यच.

तू आत्ता आरशासमोर उभी राहा. आधी स्वतःच्या डाव्या डोळ्यात बघ, मग उजव्या, पुन्हा डाव्या. तुझे डोळे हलताना तुला दिसणार नाहीत; शेजारी उभ्या मैत्रिणीला मात्र स्पष्ट दिसतील. डोळा उडी मारतो त्या क्षणीचं दृश्य मेंदू दडपून टाकतो आणि तुला त्यात खंड पडल्याचं जाणवूही देत नाही.

हालचालीचं सांगायचं तर हुकूम मेंदूच्या पृष्ठभागावरच्या मोटर कॉर्टेक्स नावाच्या पट्ट्यातून निघतो. तिथे पाठ हलवण्यासाठी थोडीशी जागा आहे आणि बोटं, ओठ, जीभ यांच्यासाठी भरपूर. पण मला खरं वेड आहे ते लहान मेंदूचं. वजन एकूण मेंदूच्या दहाव्या हिश्श्याएवढं, पण आपल्या साधारण 8,600 कोटी चेतापेशींपैकी जवळजवळ 6,900 कोटी तिथेच. त्याला इजा झालेल्या माणसाला मी सांगते, ‘माझ्या बोटाला बोट लावा.’ हातात ताकद पूर्ण असते. हात निघतो, आणि माझ्या बोटाजवळ येईल तसा जास्तच थरथरत पुढे निघून जातो. हात कुठे पोचणार याचा अंदाज आधीच बांधून चूक वाटेतच सुधारत जाणं हे लहान मेंदूचं काम, आणि तो ते सरावाने शिकतो.

आता तुझा खरा प्रश्न, हुशारीचा. आकारावर ती ठरत नाही: हत्तीचा मेंदू आपल्या तिप्पट वजनाचा असतो आणि आइन्स्टाइन यांचा 1,230 ग्रॅमच भरला होता. तिची एकच एक जागाही सापडलेली नाही. कपाळामागचे भाग आणि पॅरायटल लोब एकमेकांशी किती चांगलं जुळवून घेतात, याच्याशी तिचा संबंध दिसतो. जन्मतः माणसामाणसांत फरक नसतो असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. पण मेंदू वापराने बदलतो हेही तितकंच खरं आहे. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी सुमारे 25,000 रस्ते पाठ करावे लागतात. 2011 मध्ये शिकाऊ चालकांचे स्कॅन आधी आणि काही वर्षांनी काढून ताडून पाहिले. जे पास झाले, त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे वाटा आणि नव्या आठवणी साठवायला लागणाऱ्या मेंदूच्या भागाचा, मागचा भाग वाढलेला होता. नापास झालेल्यांचा नाही. सुरुवातीला या दोन गटांत फरक नव्हता, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

हेन्री मोलेसन या रुग्णाचा हिप्पोकॅम्पस 1953 मध्ये शस्त्रक्रियेत दोन्ही बाजूंनी बराचसा काढला गेला. त्यानंतर नवं काही त्यांच्या लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्यांना आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. रोज त्यांना ते काम नवंच वाटे, तरी तिसऱ्या दिवशी हात सफाईने चालत होता. सरावाची आठवणही नसताना हात शिकत होता!

आणि हे तुझ्यासाठी, मनू. संख्या लहान की मोठी हे जोखणारा भाग पॅरायटल लोबच्या एका घळीत असतो, आणि तो दोन्ही बाजूंना असतो. अंतर, दिशा, रेषेचा कल हे ओळखणारे भाग त्याला लागूनच आहेत. चित्र काढताना तू तासन्‌तास तेच तर वापरतेस. तेव्हा त्रिकोणमितीचा धडा सूत्रांपासून सुरू करू नकोस. आधी प्रत्येक उदाहरणाची मोठी, नीट आकृती काढ, बाजूंवर मापं लिही, आणि मग सूत्राकडे जा. जिथे अडेल तिथल्या आकृतीचा फोटो मला पाठव. रात्री नऊनंतर मी मोकळी असते.

तुझी,
आई