पुसट शिक्क्यापायी अडलेली फेलोशिप

संपादक महोदय,

जेआरएफची, म्हणजे संशोधक विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या ज्युनियर रिसर्च फेलोशिपची, रक्कम जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. सोलापूरच्या आमच्या पूर्व भागात यंत्रमागावर आठवडी पगार मोजून घेणाऱ्या वडिलांना हा आकडा खराच वाटेना. आता मलाही वाटत नाही, कारण पाच महिने छदाम आलेला नाही. रुजू अहवाल, हमीपत्र, आधार जोडलेले खाते, सगळे दिले. हजेरीच्या दाखल्यावर आधी मार्गदर्शकांची सही, मग विभागाचा शिक्का. एकदा शिक्का पुसट उमटला म्हणून कागदच परत! दुसरी नोकरी करणार नाही असे लिहून दिल्याने शिकवणीचे वर्गही सोडले. (मूर्खपणाच म्हणा.) थकबाकी एकदम जमा होईल म्हणतात. अशोक चौकातला किराणावाला मात्र दर रविवारी वही उघडतो.

– एक संशोधक विद्यार्थिनी, सोलापूर