पैसे नंतर द्या, आधी दोन तास डोकं द्या

नमस्कार मंडळी,

नागपूर आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतले आम्ही एमएसचे, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसचे पेशंट आणि त्यांच्या घरचे लोक मिळून एक छोटासा गट चालवतो हे बऱ्याच जणांना माहीत आहे. दरवर्षी 30 मे ला जागतिक एमएस दिन असतो तेव्हा आमचा मेसेज येतो, तुम्ही पैसेही पाठवता. यावेळी मागणं वेगळं आहे बाप्पा. आम्हाला निरोगी माणसं पाहिजेत. एमएस नाही, फिट येत नाही, डोक्याला कधी मोठा मार लागला नाही, झोपेच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू नाहीत, अशी 20 ते 50 वयाची माणसं, आणि त्यातही बाया जास्त.

काऊन ते सांगतो. इथल्या एका मेडिकल कॉलेजच्या न्यूरो विभागातले डॉक्टर एमएसच्या पेशंटच्या मेंदूतल्या विजेच्या लहरी मोजणार आहेत, एथिक्स कमिटीची मंजुरी झालेली आहे, फक्त लोकांना बोलावताना कॉलेजचं नाव वापरू नका असं कमिटीने सांगितलं म्हणून ते इथे लिहिलं नाही, नाव नोंदवलं की संमतीपत्र हातात येईल त्यावर सगळं आहे. 40 पेशंट लागत होते ते पटापट मिळाले, गडचिरोली-गोंदियावरूनसुद्धा फोन आले. 40 निरोगी माणसं मात्र मिळून नाही राहिली. पैसे देतो म्हणणारे आहेत, दोन-अडीच तास खुर्चीवर बसतो म्हणणारा सापडत नाही.

एमएस काय असतो ते माहीत नसेल तर थोडक्यात. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते. आवरण गेलं की नसेतून जाणारा संदेश हळू होतो, कधी मधेच थांबतो. बहुतेकांना 20 ते 40 च्या वयात सुरू होतो, पुरुषांपेक्षा बायांमध्ये दुप्पट किंवा त्याहून जास्त. कोणाला एका डोळ्याने धूसर दिसतं, कोणाचा पाय ओढला जातो, मुंग्या, तोल जाणं, लघवीची घाई. आणि आजार कळेपर्यंत मानेचा मणका, बी12, टेन्शन असं करत करत दवाखाने बदलत राहतात. दिव्यांग हक्कांच्या 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत एमएसचं नाव आहे, पण जो आपल्या पायाने चालत रांगेत उभा आहे त्याला काही झालंय हे समोरच्याला पटत नाही.

खरं दुखणं तेच आहे, दिसत नाही. पाय ओढत चालणाऱ्याला निदान लोक जागा तरी देतात, पण सकाळी उठल्याउठल्या दिवसभर राबल्यासारखा थकवा असणं, चार जण एकदम बोलले की काही न कळणं, बोलताबोलता शब्दच न सापडणं, किराण्याच्या साध्या हिशोबाला वेळ लागणं, हे कोणाला दाखवणार? एमएसच्या साधारण निम्म्या लोकांना लक्ष, आठवण, विचारांचा वेग यात कमीजास्त त्रास होतो. आणि घरी काय ऐकायला मिळतं, "दिसत तर चांगली आहेस नं तू". एमआरआयमध्ये पांढरे डाग दिसतात ते खरं, पण डाग किती आणि त्रास किती याचा मेळ दरवेळी बसत नाही. कोणाला डाग भरपूर आणि बाई शाळेत शिकवून राहिली, कोणाला थोडेसे आणि नोकरी सुटलेली.

म्हणून या लहरी. एमआरआय बिघाड कुठे झाला ते दाखवतो, लहरींवरून संदेश किती उशिरा पोचला ते कळतं, तेही सेकंदाच्या हजाराव्या भागात. हान्स बर्गर नावाच्या जर्मन डॉक्टरने 1924 मध्ये येना गावात माणसाच्या डोक्यावरून हा सिग्नल पहिल्यांदा टिपला आणि 1929 मध्ये छापला, आपण ज्याला ईईजी म्हणतो तो. सिग्नल असतो फार बारीक, 10 ते 100 मायक्रोव्होल्टच्या घरात, म्हणजे व्होल्टचे दहा लाख तुकडे केले तर त्यातले इतके.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. ईईजीने एमएस आहे की नाही ते ठरत नाही, पुष्कळ पेशंटचा साधा ईईजी नॉर्मलच येतो. निदान होतं ते तपासणी, एमआरआय आणि गरज पडली तर पाठीतलं पाणी काढून. नुसता ईईजी काढून एमएस सांगतो असं कोणी म्हणालं तर तिथून उठून या.

तपासणीत तीन भाग आहेत. पहिल्यात काहीच करायचं नाही, डोळे मिटून शांत बसायचं, मग उघडायचे. डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला 8 ते 13 वेळा येणाऱ्या अल्फा लहरी दिसतात, उघडले की दबतात. दुसऱ्यात एक डोळा झाकून स्क्रीनवरच्या काळ्यापांढऱ्या चौकटींकडे बघायचं, चौकटी सारख्या अदलाबदल होत राहतात आणि दर बदलानंतर साधारण 100 मिलिसेकंदांनी मेंदूच्या मागच्या भागात एक लहर उठते. याला व्हीईपी म्हणतात. लंडनच्या डॉक्टर हॅलिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 मध्ये दाखवलं की डोळ्याच्या नसेला सूज येऊन गेलेल्या पेशंटची ही लहर उशिरा येते, नजर परत चांगली झाली तरी उशीर राहतो. आपल्याकडे गाडी लेट असते तसं, डबे सगळे जागेवर, फक्त वेळेवर नाही. तिसऱ्यात कानात बीप वाजतात, मधूनच एखादा वेगळा आवाज येतो, तो आला की बटण दाबायचं. वेगळा आवाज ओळखल्यावर 300 मिलिसेकंदांच्या आसपास जी लहर येते तिचं नाव पी300, आणि विचारांचा वेग कमी झालेल्या एमएसच्या लोकांमध्ये ती पुष्कळदा मागे सरकलेली सापडते. सोबत 90 सेकंदांची चिन्हं आणि आकडे जुळवायची एक टेस्ट आहे, तिचा काही त्रास नाही.

आता मुद्द्याचं. उशिरा म्हणजे कोणाच्या मानाने उशिरा? परदेशातला तक्ता उचलून इथे लावता येत नाही, स्क्रीन केवढी, तिचा उजेड किती, चौकटी किती मोठ्या यावर आकडा बदलतो, म्हणून प्रत्येक लॅबने आपले नॉर्मल आकडे आपल्याच मशीनवर काढावे असाच नियम आहे. वय वाढलं की पी300 मागे जाते. बाया आणि पुरुष यांचे व्हीईपीचे आकडेही थोडे वेगळे असतात. चिन्हं-आकड्यांच्या टेस्टमध्ये तर शिक्षणाचा सरळ फरक पडतो. कॉलेजचे पोट्टे आम्हाला ढीगभर मिळतील, एका सर्टिफिकेटवर येतील, पण आमची पेशंट 42 वर्षांची, बारावी झालेली, घर आणि शिलाईमशीन सांभाळणारी आहे, तिच्यासमोर 21 वर्षांचा इंजिनियरिंगचा पोरगा बसवला तर तिचा वेग कमीच निघणार, त्यात आजार किती आणि वय किती हे कोणाच्या बापालाही सांगता येणार नाही. सगळी मेहनत पाण्यात. त्यामुळे आम्हाला तिच्यासारखीच बाई पाहिजे, महाल भागातली, नंदनवनची, हिंगण्याची, कुठलीही, भाजीवाली, अंगणवाडी सेविका, बँकेतली क्लार्क. पेशंटच्या बहिणी-जावा तर सगळ्यात आधी विचारतात की मी चालेल का, पण रक्ताची बहीण डॉक्टर नको म्हणतात, कारण जवळच्या रक्ताच्या नात्यात धोका थोडा जास्त असतो. जाऊ चालते. वहिनी चालते.

भीती कशाची ते आम्हाला फोनवर कळलं. डोक्याला शॉक देतात का? नाही. मशीन फक्त बाहेर येतं ते मोजतं, आत करंट सोडत नाही, सुई नाही, इंजेक्शन नाही. डोक्यावर वीस-एक लीड, म्हणजे वायरच्या टिकल्या, पेस्टने चिकटवतात, ती पेस्ट कोमट पाण्याने निघते. आदल्या रात्री शाम्पूने केस धुवा आणि तेल अजिबात लावू नका, तेल असलं की लीड नीट बसत नाही (आमच्या एका काकूंना हीच अट सगळ्यात कठीण वाटली). चष्मा असेल तर सोबत आणा. सकाळचा चहा तेवढा टाळा, झाल्यावर चहा आणि तर्रीपोहे आमच्याकडून.

हे सगळं दिवाळीनंतर ते संक्रांतीच्या आसपास उरकायचं आहे आणि त्याला कारण आपलं ऊन. अंग तापलं की एमएसची लक्षणं वाढतात, मेहनत केली की पेशंटची नजर धूसर होते हे विल्हेल्म ऊटहॉफ या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरने 1890 मध्येच लिहून ठेवलंय, त्यामागे तापलेलं अंग आहे हे नंतर कळलं. मायलिन गेलेली नस थोड्याशा तापमानानेही संदेश सोडून देते, मे महिन्यात 45 डिग्रीत पेशंटला आणलं तर मोजमाप आजाराचं होईल की नागपूरच्या उन्हाचं? वरून घाम आला की ईईजीची रेघ पण डुलायला लागते.

पैशांचं पण सांगतो, नाहीतर म्हणाल यांना नकोच आहेत. मशीन विभागाचं आहे, त्याचा खर्च नाही. बाहेरगावच्या पेशंटला सोबत एक माणूस लागतो, तपासणी सकाळी म्हणून रात्री मुक्काम लागतो, त्याचे पैसे पाहिजेत. एसी गाडी आणि ड्रायव्हर एक दिवस दिला तर पैशांपेक्षा बरं, फक्त रस्त्यात दोन-तीनदा गाडी थांबवावी लागते, लघवीची घाई हे या आजाराचंच लक्षण आहे, त्यावर कुरकुर करणारा ड्रायव्हर देऊ नका. फोल्डिंग व्हीलचेअर उसनी चालेल. करसवलतीची 80जी ची पावती मिळणार नाही, आमचं तसं रजिस्ट्रेशन नाही, साधी पावती मिळेल आणि हिशोब दर महिन्याला ग्रुपवर टाकू.

निरोगी माणसांना जाण्यायेण्याचं भाडं मिळेल, मोबदला नाही. रिपोर्टमध्ये काही वेगळं दिसलं तर डॉक्टर तुम्हालाच एकट्याला सांगतील, आमच्यापर्यंत नाव येणार नाही. मधेच उठून जावं वाटलं तर जाता येतं, कारण विचारणार नाहीत.

हा मेसेज ज्याने पाठवला त्यालाच नाव सांगा, सोबत वय, शिक्षण किती, चष्मा आहे का, कोणती गोळी चालू आहे का एवढं. मेट्रोने येणाऱ्यांना सीताबर्डी स्टेशनवरून आमचा माणूस घेऊन जाईल. शनिवार-रविवारच्या वेळा नोकरीवाल्यांसाठी ठेवल्या आहेत, ज्यांना मधल्या वारी जमतं त्यांनी कृपा करून त्या मागू नका.